निवाडा झुगारला तर? राज्यविहीन बाजारावरच्या वादाची तयारी करणाऱ्यांसाठी

‘राज्यसंस्थेवाचून, केवळ मुक्त बाजाराच्या आधारे समाज प्रत्यक्षात चालू शकतो’ हा प्रस्ताव मी वादविवाद स्पर्धांत आजवर चार वेळा हाताळला आहे, दोनदा बाजूने आणि दोनदा विरोधात. पहिल्या वेळी मी ज्या रीतीने हरले ते आठवले की आजही घशाला कोरड पडते. पुढे याच विषयावर पदव्युत्तर लघुप्रबंध लिहायला घेतला, तेव्हा तीच चूक वेगळे रूप घेऊन माझ्या हातून पुन्हा झाली. एकच खड्डा मला दोनदा दिसला नाही, म्हणून तो इतरांना दाखवावा असे वाटते. राज्यसंस्थेची व्याख्या, सार्वजनिक वस्तू, फुकट लाभ घेणाऱ्यांचा प्रश्न या प्राथमिक गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असे मी धरून चालते.

प्रसंग असा होता. आम्ही प्रस्तावाच्या बाजूने बोलत होतो आणि माझ्याजवळ दीपगृहांचे उदाहरण होते. अर्थशास्त्राच्या लेखनात दीपगृह हे राज्यानेच पुरवावे अशा सेवेचे ठरलेले उदाहरण म्हणून पिढ्यानपिढ्या येत असे, कारण पैसे देणाऱ्या जहाजाला त्याचा उजेड जसा दिसतो तसाच न देणाऱ्यालाही दिसतो. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७४ साली एका निबंधात दाखवून दिले की, इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अनेक दीपगृहे खासगी व्यक्तींनी बांधली, चालवली आणि त्यांतून कमाईही केली. मी हे सांगून सभागृहाकडे समाधानाने पाहिले. तेवढ्यात समोरच्या संघातील दुसरी वक्ती उठली आणि तिने अगदी शांतपणे विचारले, “जहाजांकडून ते शुल्क वसूल कोण करत असे आणि कोणत्या अधिकाराने?” मला उत्तर ठाऊक नव्हते. तिला ते ठाऊक होते. शुल्क आकारण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे, दरही तिथूनच ठरत, आणि वसुली बंदरात होई, बहुधा जकात अधिकाऱ्यांच्याच हातून. जहाजाच्या कप्तानाला ते शुल्क नाकारण्याची सोय नव्हती. दीपगृह खासगी होते खरे, परंतु त्याचे उत्पन्न राजसत्तेच्या आधारावर उभे होते.

त्याहून अधिक लागले ते नंतर. कोस यांनी त्या निबंधात दीपगृहांवरील मालमत्ता हक्क निर्माण करणे आणि ते अमलात आणणे ही राज्याची भूमिका स्वतःच स्पष्टपणे नोंदवलेली आहे. मी मूळ निबंध वाचलाच नव्हता. मी दोन पानांचा सारांश वाचला होता आणि सारांश करणाऱ्याने नेमके तेच वाक्य गाळले होते. सारांश, मुद्द्यांच्या तयार फायली, दहा मिनिटांत विषय समजावून देणाऱ्या चित्रफिती या सगळ्यांविषयी माझ्या मनात तेव्हापासून अढी आहे आणि ती मी लपवणार नाही. त्यांत मुद्दा शिल्लक राहतो, पण मुद्द्याला घातलेली मर्यादा गळून जाते, आणि वादात तुमचा प्रतिस्पर्धी नेमका त्या गळलेल्या मर्यादेवरच बोट ठेवतो.

आता त्या खड्ड्याविषयी जरा विस्ताराने सांगते, कारण तो एकदा वाचून कळला असे वाटते आणि पुढच्याच उदाहरणात माणूस पुन्हा त्यात पडतो. खासगी सेवा म्हणजे ती पुरवणारा सरकारी नोकर नाही, एवढाच तिचा अर्थ. राज्यविहीन सेवेचा अर्थ याहून फार कठोर आहे: तिच्यावरून भांडण झाले, पैसे बुडाले, करार मोडला, पंचांचा निवाडा एका पक्षाने उघडपणे झुगारला, तरी शेवटच्या पायरीपर्यंत राज्यसंस्थेचा हात कुठेही लागत नाही. पहिल्या प्रकारची उदाहरणे जगात पोत्याने मिळतात, दुसऱ्या प्रकारची मोजकीच सापडतात. नवखा वक्ता पहिल्या पोत्यातील उदाहरणे काढतो आणि दुसऱ्या प्रकारचा दावा सिद्ध झाला असे समजून खाली बसतो. खासगी सुरक्षारक्षक चोराला पकडतो, हे खरे. परंतु पुढे तो त्याला पोलिसांच्या हवाली करतो, आणि त्याने किती बळ वापरावे याची मर्यादाही राज्याच्या कायद्यानेच आखलेली असते. व्यापारी सरकारी न्यायालय टाळून लवादाकडे जातात, हेही खरे. परंतु हरलेल्या पक्षाने रक्कम देण्याचे नाकारले तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारानुसार १७० हून अधिक देशांची न्यायालये परदेशी लवादाचा निवाडा अमलात आणण्यास बांधलेली आहेत. प्रत्यक्षात न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ क्वचित येते, कारण ते मागे उभे आहे हे दोन्ही पक्षांना माहीत असते. बाराव्या आणि तेराव्या शतकांत फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात भरणाऱ्या मोठ्या जत्रांचे उदाहरणही फार दिले जाते: व्यापाऱ्यांनी आपला कायदा आपणच घडवला आणि आपले न्यायाधीश आपणच नेमले, असे. नंतरच्या इतिहाससंशोधकांनी त्या जत्रांमागे उभे असलेले शॅम्पेनच्या काउंटचे, म्हणजे त्या प्रांताच्या सत्ताधीश सरदाराचे, संरक्षण आणि जत्रांसाठी नेमलेले अधिकारी पुढे आणले, तेव्हा त्या उदाहरणाचा रंग बराच उतरला.

यावर मी एक साधी सवय लावून घेतली. वहीच्या पानावर चार रकाने आखते. पहिल्या रकान्यात सेवा कोण पुरवतो, दुसऱ्यात पैसे कोण देतो, तिसऱ्यात नियम कोणाचा, आणि चौथ्यात एकच प्रश्न: निवाडा झुगारला तर काय होते? दीपगृहाच्या नोंदीत पहिले दोन रकाने ‘खासगी’ या शब्दाने भरतात, पण तिसरा आणि चौथा राजाच्या नावाने भरतो. चौथा रकाना भरता येत नसेल तर ते उदाहरण वादात वापरू नका. ते कितीही आकर्षक असो, वेळ कितीही कमी असो, जोडीदार कितीही आग्रह करो, वापरू नका. ज्या उदाहरणाचा शेवट तुम्हाला ठाऊक नाही, त्याचा शेवट समोरचा सांगतो.

परंतु यावरून प्रस्तावाची बाजूच पोकळ आहे असे समजून खचून जाऊ नका. मी काही महिने तशी खचले होते आणि ते अनाठायी होते. चौथा रकाना राज्यावाचून भरतो अशी उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कमधील हिरे व्यापाऱ्यांच्या संघटनेचा लिसा बर्नस्टाईन यांनी केलेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मूळातून वाचा. तेथे मोठ्या रकमांचे सौदे तोंडी होतात, वाद संघटनेच्या लवादापुढे जातो, आणि निवाड्याप्रमाणे पैसे न देणाऱ्याचे छायाचित्र जगभरच्या हिरे बाजारांच्या सभागृहांत लावले जाते. त्या भिंतीवर चेहरा लागला की त्या माणसाचा धंदा संपतो. त्याला तुरुंग किंवा जप्ती दाखवावी लागत नाही, उद्या कोणी आपल्याशी व्यवहार करणार नाही ही भीतीच पुरेशी होते. हे उदाहरण बळकट आहे आणि ते का बळकट आहे हेही सांगता आले पाहिजे: व्यापारी एकमेकांना ओळखतात, पिढ्यानपिढ्या त्याच धंद्यात राहतात, बातमी झपाट्याने पसरते. मग त्याची सीमाही आपणच सांगून टाकावी. धंद्यात राहू इच्छिणाऱ्याला बहिष्काराची भीती असते. बंदूक घेऊन दुकानात शिरणाऱ्याला ती नसते. सीमा आधी स्वतः सांगितली की प्रतिस्पर्ध्याच्या हातचे अर्धे शस्त्र जाते आणि परीक्षकांचा विश्वास वाढतो.

लघुप्रबंधात तीच चूक पुन्हा झाली ती अशी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामाने मी भारावले होते. कुरणे, मासेमारीची पाणथळे, कालवे अशा सामाईक साधनांचा सांभाळ लोक राज्याच्या हुकुमावाचून आणि खासगी मालकीवाचूनही दीर्घकाळ करू शकतात, हे त्यांनी १९९० सालच्या ग्रंथात मांडले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या उदाहरणांत स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे कालवे आहेत. तेथे पाण्याचे न्यायालय दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी भरते, शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच पंच असतात, वकील नसतात, सुनावणी तोंडी होते आणि निकाल तिथल्या तिथे दिला जातो. मी या न्यायालयावर सात पाने लिहिली. मार्गदर्शक सरांनी त्या पानांच्या समासात पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहून वही परत केली: ‘दंड भरलाच नाही तर?’ आणि ‘यात बाजार कुठे आहे?’ पहिल्याचे उत्तर शोधताना कळले की त्या न्यायालयाला स्पेनच्या कायद्याची मान्यता आहे आणि ऑस्ट्रॉम यांनी टिकून राहिलेल्या व्यवस्थांची जी लक्षणे सांगितली, त्यांत बाहेरच्या सत्तेने लोकांचा स्वतःचे नियम करण्याचा हक्क हिरावू नये हेही एक लक्षण आहे. म्हणजे मागे राज्य आहे, ते केवळ अंतर राखून आहे. दुसऱ्या प्रश्नाला तर माझ्याजवळ उत्तरच नव्हते, कारण ते पाणी विकले-विकत घेतले जाण्याची गोष्ट मी कुठेच लिहिली नव्हती. समाजाने राज्याविना काही केले म्हणजे ते बाजाराने केले असे होत नाही. प्रस्तावात ‘मुक्त बाजार’ हा शब्द आहे, तो नजरेआड करू नका.

आता विरोधी बाजूने बोलणाऱ्यांसाठी. तुमच्या वाटेवरही असाच एक खड्डा आहे आणि त्याचे नाव सोमालिया. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि त्यानंतर २०१२ साली संघराज्य सरकार येईपर्यंत त्या देशात परिणामकारक केंद्रीय सत्ता जवळपास नव्हती. पुष्कळ वक्ते ‘मग सोमालियात जाऊन राहा’ एवढे म्हणून टाळ्या घेतात. मीही एकदा घेतल्या आहेत आणि त्याची मला खंत आहे, कारण तो युक्तिवाद नव्हताच. राज्य नसणे आणि राज्य कोसळणे या वेगळ्या अवस्था आहेत. युद्धाने मोडलेल्या घराच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून उघड्यावर राहणे अशक्य आहे असे सिद्ध करता येत नाही. शिवाय तुलना कोणाशी करायची? पीटर लीसन यांनी २००७ साली सोमालियाची तुलना सुस्थितीतील देशांशी न करता मुख्यतः त्याच देशाच्या १९९१ पूर्वीच्या स्थितीशी केली आणि बहुतेक निर्देशांक सुधारले असल्याचा निष्कर्ष काढला. बारे यांच्याच राजवटीने १९८८ साली हर्गेसा शहरावर बॉम्बफेक केली होती, हे लक्षात घेतले की ही तुलना का करावी लागते ते कळते. केंद्रीय बँक नसतानाही सोमाली शिलिंग चलनात राहिले, दूरध्वनी कंपन्या उभ्या राहिल्या, परदेशांतील नातलगांचा पैसा हवाल्याने घरोघर पोहोचत राहिला, आणि ‘हेर’ नावाच्या रूढ कायद्यानुसार एखाद्याच्या अपराधाची भरपाई त्याचा गट देत राहिला. दुसरीकडे १९९२ चा दुष्काळ, रस्त्यारस्त्यांवर सशस्त्र टोळ्यांनी उभारलेली वसुलीची नाकी, आणि गटाचा आधार नसलेल्या माणसाची असहायता हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगता येत नसतील, तर सोमालियाचे नाव घेऊ नका.

शब्दांविषयी थोडे, कारण मराठीत वाद घालणाऱ्याला ही अडचण अधिक भेडसावते. आपण ‘राज्य’, ‘शासन’ आणि ‘सरकार’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पहिल्याच मिनिटात ‘राज्यसंस्था’ हा शब्द घ्या आणि मॅक्स वेबर यांनी १९१९ सालच्या व्याख्यानात सांगितलेला अर्थ पक्का करा: ठरावीक भूप्रदेशात बळाच्या वैध वापराचा एकाधिकार यशस्वीपणे सांगणारी संस्था. आणि प्रस्तावाच्या बाजूने असाल तर ‘अराजक’ हा शब्द स्वतः उच्चारू नका. मराठीत तो शब्द गोंधळ, लूटमार, बेबंदशाही यांचाच वास घेऊन येतो. ‘राज्यविहीन’ म्हणा. विरोधक ‘मात्स्यन्याय’ काढतील. मोठा मासा लहान माशाला गिळतो ही उपमा फार परिणामकारक आहे. महाभारताच्या शांतिपर्वात ती भीती आहे, परंतु त्याच पर्वात एके काळी राज्य, राजा आणि दंड यांतले काहीच नव्हते आणि लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करत, असेही वर्णन आहे. तेच वर्णन पुढे ही स्थिती बिघडली असेही सांगते, तेव्हा अर्धेच सांगून मोकळे होऊ नका.

सिद्धांताच्या वाचनात भरकटू नका. १८४९ साली गुस्ताव्ह द मॉलिनारी यांनी विचारले की, बाकी सर्व वस्तू स्पर्धेने चांगल्या आणि स्वस्त मिळत असतील तर संरक्षण हीच वस्तू अपवाद का असावी? सगळा वाद त्या प्रश्नातून निघतो. विसाव्या शतकात मरे रॉथबार्ड यांनी तो नैसर्गिक हक्कांच्या, म्हणजे माणसाला जन्मतःच असलेल्या हक्कांच्या, वाटेने नेला आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी परिणामांच्या, म्हणजे त्यातून लोकांचे भले होते का या, वाटेने. तुमचा प्रस्ताव ‘चालू शकतो का’ असा असेल तर ‘कर म्हणजे चोरी’ हे वाक्य कितीही आवडत असले तरी बाजूला ठेवा. ते योग्य काय या प्रश्नाचे उत्तर आहे आणि तो प्रश्न तुम्हाला विचारलेलाच नाही. आमच्या संघाने एकदा यावर चार मिनिटे घालवली आणि परीक्षकांनी त्या चार मिनिटांना शून्य किंमत दिली. ते योग्यच होते.

खरी लढाई ज्या यंत्रणेवर होते ती मात्र बारकाईने समजून घ्या. समजा, एका माणसाची सायकल नाहीशी झाली आणि ती त्याला दुसऱ्याच्या अंगणात दिसली. दोघेही वेगवेगळ्या संरक्षण संस्थांचे वर्गणीदार आहेत. पहिल्याची संस्था सायकल परत आणायला माणसे पाठवते. दुसरा म्हणतो, ही मी विकत घेतली आहे, आणि आपल्या संस्थेला हाक मारतो. दोन्ही संस्थांची माणसे अंगणात समोरासमोर उभी आहेत. फ्रीडमन यांचे म्हणणे असे की, झुंज महाग असते, तिचा खर्च वर्गणीत भरून काढावा लागतो आणि महाग संस्थेला लोक सोडून जातात. म्हणून शहाण्या संस्था आधीच करार करून ठेवतील की, अशा वेळी अमुक लवादाचा शब्द शेवटचा. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि विरोधकांनीही तो त्याच्या पूर्ण ताकदीने मांडता यावा इतका सराव करावा. त्यावर दोन गंभीर आक्षेप आहेत. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली मांडले की, संरक्षणाच्या धंद्यात मोठी संस्था अधिक मोठी होत जाते, एका प्रदेशात एकच प्रबळ संस्था उरते, आणि कोणी मुद्दाम न ठरवताही किमान स्वरूपाचे राज्य उभे राहते. टायलर कोवेन यांनी १९९२ साली दुसरी बाजू दाखवली: संस्थांनी एकमेकांचे निवाडे मान्य करावेत यासाठी त्यांच्यात जाळे हवे, आणि जे जाळे करार न पाळणाऱ्या संस्थेला बाहेर ठेवू शकते तेच जाळे संगनमत करून नव्या स्पर्धकालाही बाहेर ठेवू शकते. प्रस्तावाच्या बाजूने बोलताना या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर तयार नसेल तर व्यासपीठावर चढू नका. मी तयार केलेले उत्तर असे की, सहकार्य आणि संगनमत यांना लागणारी शिक्षेची ताकद सारखी नसते. मानके पाळण्यात प्रत्येक संस्थेचा आपापला फायदा असतो, तर भाव चढे ठेवण्याचा करार गुपचूप मोडण्यात. हे उत्तर पुरते नाही, मला ठाऊक आहे, पण ते प्रामाणिक आहे आणि त्याच्यावर उभे राहता येते.

परकीय आक्रमणापासून संरक्षण हा मुद्दा आला की सरळ कबुली द्या. फ्रीडमन यांनी स्वतः त्याला अवघड प्रश्न म्हटले आहे. जो मुद्दा तुमच्या बाजूच्या सर्वांत चांगल्या विचारवंताने अवघड मानला तो तुम्ही तीस सेकंदांत सोडवल्याचा आव आणलात तर उरलेले भाषणही पोकळ वाटू लागते.

आइसलँडवर मात्र वेळ द्या. जितका देता येईल तितका. ९३० साली आल्थिंग ही सभा स्थापन झाली तेव्हापासून १२६२ ते १२६४ या काळात नॉर्वेच्या राजाची सत्ता मान्य होईपर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे, त्या बेटावर कायदा होता, न्यायालये होती, पण निवाडे अमलात आणणारी कार्यकारी सत्ता नव्हती. कायदा सांगणारा एक अधिकारी होता आणि तो दरवर्षी सभेपुढे कायद्याचा एक तृतीयांश भाग मुखोद्गत म्हणत असे. ‘गोडी’ म्हणवणाऱ्या प्रमुखांचे पद विकता येत असे, वारशाने देता येत असे, वाटूनही घेता येत असे. आणि शेतकरी आपला गोडी सोडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असे. खुनाचा दावाही भरपाईचा दावा होता आणि दुबळा माणूस तो बलवानाच्या नावे करून देऊ शकत असे. निवाडा झुगारणारा कायद्याबाहेर टाकला जाई: त्याला कोणी मारले तरी भरपाई नाही, आणि त्याला आसरा देणे हाही गुन्हा. चौथा रकाना राज्यावाचून भरला. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी रात्रभर जागी होते.

पण इथेही थांबायला शिका. प्रमुखपदांची संख्या कायद्याने बांधलेली होती, परंपरेनुसार आरंभी ती ३६ होती, म्हणजे या ‘बाजारात’ नव्याने दुकान थाटण्याची मोकळीक नव्हती. सुरुवातीच्या काळात गुलामगिरी होती. अकराव्या शतकाच्या अखेरीस चर्चसाठी दशांश कर आला, आणि चर्चची वास्तू व जमीन ज्यांच्या ताब्यात होती त्या प्रमुखांना शेतकऱ्यांच्या पसंतीवर अवलंबून नसलेले उत्पन्न मिळू लागले. तेराव्या शतकात बहुतेक पदे पाच-सहा घराण्यांच्या हाती गोळा झाली. संपूर्ण परगण्यात एकच घराणे उरले की गोडी बदलण्याचा हक्क कागदावर राहतो. त्यातून यादवी माजली, नॉर्वेच्या राजाने प्रमुखांना आपल्या पदरी घेऊन ती वाढवली, आणि १२४१ साली स्नोरी स्टुर्लुसन यांच्यासारख्या प्रमुखाला राजाच्या बाजूच्या माणसांनी त्यांच्याच घरात ठार केले. प्रस्तावाच्या बाजूने बोलणारा म्हणेल, करासारखे राज्याचे बीज शिरले म्हणून व्यवस्था मोडली. विरोधक म्हणेल, ते बीज आतूनच उगवले, नोझिक यांनी सांगितले तसे. दोन्ही वाचने पुराव्यात बसतात. नवख्यांनी घाबरू नये; परीक्षकांनाही याचा निकाल ठाऊक नसतो, ते तुमची पुराव्याशी असलेली इमानदारी पाहत असतात.

‘चालते’ या शब्दाचा अर्थही आरंभीच ठरवून घ्या: किती काळ, किती लोकांसाठी, कशाच्या तुलनेत. कल्पनेतील निर्दोष बाजाराची तुलना प्रत्यक्षातील सदोष राज्याशी करणे जितके गैर, तितकेच पाठ्यपुस्तकातील निर्दोष राज्याची प्रत्यक्षातील सदोष बाजाराशी करणेही गैर आहे. यापेक्षा अधिक यावर लिहीत नाही.

मार्गदर्शक निवडताना मात्र जपा. मला दोन प्रकारचे मार्गदर्शक भेटले. एकाने पहिल्याच भेटीत वाक्यांची यादी दिली, कोणत्या वाक्यावर टाळ्या पडतात हेही सांगितले, आणि दीपगृहाचा तो सारांश त्याच यादीत होता. दुसरे म्हणजे समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिणारे सर. ते स्वतः या प्रस्तावाच्या कोणत्या बाजूचे आहेत हे मला दोन वर्षांत कळले नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “आधी विरुद्ध बाजूची पाच पाने अशी लिहून आण, की ती वाचून त्या बाजूच्या माणसाला वाटावे, हे माझेच म्हणणे आहे. मग बोलू.” ती पाच पाने लिहायला मला सहा आठवडे लागले, तीनदा परत आली, आणि त्या काळात आपल्याला हा विषय झेपणार नाही असे मला खात्रीने वाटत होते. तुम्हालाही तसे वाटेल. त्या काळात वाचन थांबवू नका आणि विषय बदलण्याचा अर्ज तर मुळीच करू नका. पाचवे पान लिहून होते तेव्हा दृष्टी बदललेली असते. जो मार्गदर्शक तुमच्याशी कधीच असहमत होत नाही त्याला नम्रपणे नमस्कार करून दुसरा शोधा.

माझ्या वहीत आज सव्वीस उदाहरणे आहेत. त्यांतील सतरांच्या चौथ्या रकान्यात कुठल्या ना कुठल्या राज्याचे नाव आले. सहांचा रकाना बहिष्काराने किंवा नातेसंबंधांच्या दबावाने भरला आहे, आणि त्या सहाही ठिकाणी माणसे एकमेकांना ओळखणारी आहेत. दोन अजून रिकामे आहेत, आणि मूळ साधने मिळेपर्यंत ते रिकामेच ठेवणार आहे. आइसलँडच्या नोंदीपुढे दोन उत्तरे लिहिली आहेत, एक बाराव्या शतकापर्यंतचे आणि एक त्यानंतरचे, आणि त्या दोहोंच्या मधल्या पिढ्यांत एखाद्या साध्या शेतकऱ्याने आपला गोडी बदलायचे ठरवले असते तर त्याला घरापासून किती दूर जावे लागले असते, हे मी सध्या परगण्यांच्या नकाशावर मोजते आहे.